एक्स-रे स्वच्छ, म्हणून खांदा धडधाकट?

कबड्डी-कुस्तीवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक सल्ला फिरत असतो: ‘पडल्यावर खांदा निखळला नाही, एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे मुका मार. तेल लावून चोळा. एमआरआय हा पैसे काढायचा धंदा.’

आधी एक्स-रेचं बघू. त्यात हाड दिसतं, कूर्चा (सांध्यातल्या हाडावरचं गुळगुळीत आवरण) नाही. आणि खांद्याच्या वाटीवर कूर्चेचा थर असतो जेमतेम दोनेक मिलिमीटरचा. एक्स-रे पहिला काढायचाच, त्याबद्दल वाद नाही. पण समोरून काढलेल्या एकाच फोटोत मागे निखळलेला खांदासुद्धा नजरेतून सुटू शकतो. काखेच्या बाजूनेही फोटो लागतो.

‘निखळला नाही ना, मग झालं!’ खरी गोम इथेच आहे. नेव्हियाझर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९९३ साली एका दुर्मीळ दुखापतीचं वर्णन केलं. डॉक्टर तिला ‘ग्लॅड लीजन’ म्हणतात. हात बाजूला पसरलेला, बाहेर वळलेला, आणि गडी त्यावरच आदळतो. दंडाच्या हाडाचा गोळा वाटीवर आपटतो. वाटीच्या कडेभोवतीची चिवट कडी, म्हणजे लेब्रम, पुढून-खालून वरवर फाटते आणि शेजारच्या कूर्चेचा टवका उडतो. लेब्रम हाडाला बहुधा घट्ट धरून असते, म्हणून सांधा सहसा डळमळत नाही. तपासताना खांदा जागेवर, ताकदही बरी. रोग्याची तक्रार एकच: पुढे, आत खोल दुखतंय, कधी ‘कट्’ असा आवाज. म्हणून ‘कसा पडलास?’ या प्रश्नाला ‘असाच पडलो’ म्हणू नका. हात कुठे होता ते करून दाखवा.

राहिला एमआरआयचा धंदा. उठसूट एमआरआय नकोच, हे मलाही मान्य आहे. बहुतेक मुका मार काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पण ओसरला नाही तर? साध्या एमआरआयमध्येही हा टवका निसटू शकतो. मग पातळ केलेलं गॅडोलिनियम (फोटोत उठाव देणारं द्रव्य) सुईने सांध्यात सोडून एमआरआय करतात, त्याला एमआर आर्थ्रोग्राम म्हणतात. द्रव फटीत शिरतो, तेव्हा ती उठून दिसते. हात डोक्यामागे ठेवून काही फोटो घेतले तर लेब्रमची फट आणखी उघडते. तरीही शंका उरलीच तर दुर्बीण घालून प्रत्यक्ष बघायचं, आणि सुटलेला तुकडा त्याच वेळी साफ करता येतो.

आणि चोळणं? कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती स्वतःहून फारशी भरून येत नाही. तेल तर कातडीच्या आत कुठवर जाणार? ताज्या दुखापतीत हात पिरगाळून ‘मोकळा’ करणाऱ्यापासून मात्र चार हात लांबच राहा.