पोलंडमध्ये म्हणे परका माणूसच नाही!

काकांनी घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा टाकलाय: 'पोलंडने एकाही परक्याला, एकाही मुसलमानाला थारा दिला नाही, म्हणून तो युरोपातला सर्वांत सुरक्षित देश. आपल्या लोकांना तर तिथे डोक्यावर घेतात, कारण कोल्हापूरचे उपकार ते विसरलेले नाहीत.' खाली हात जोडलेले चार. सहा वर्षं पोलंडच्या व्रोत्स्वाफ शहरात राहतोय, तेव्हा आता बोलतोच.

एकही परका नाही, तर काका, मी कोण? २०१७ ते २०२१ या काळात युरोपियन युनियनमध्ये सर्वाधिक नवे निवास परवाने दिले ते पोलंडनेच. एकट्या २०२१ मध्ये साडेनऊ लाखांवर, बहुतेक युक्रेनच्या लोकांना. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर आणखी दहा लाखांच्या आसपास युक्रेनियन इथे आसऱ्याला राहिले. व्हिएतनामी तर कम्युनिस्ट राजवटीपासून आहेत. खरं एवढंच की २०१५ नंतर युनियनने वाटून दिलेले निर्वासित घ्यायला पोलंडने नकार दिला. त्या एका नकाराचं फॉरवर्ड होता होता 'एकही नाही' झालं.

मुसलमानांचं म्हणाल, तर बेलारूसच्या सीमेजवळ बोहोनिकी आणि क्रुशिन्यानी ही गावं आहेत. १६७९ मध्ये पोलंडचा राजा यान सोबिएस्कीने मुसलमान तातार सैनिकांना तिथे जमिनी दिल्या. त्यांच्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. २०२१ मध्ये सीमा ओलांडताना मेलेल्या निर्वासितांना बोहोनिकीच्या दफनभूमीत माती दिली ती याच तातारांनी, आणि पहाऱ्यावरच्या पोलिश जवानांसाठी सूपही शिजवलं त्यांनीच.

आता कोल्हापूर. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे शंभर टक्के खरं. वॉर्साला त्याचं स्मारकही आहे. पण रस्त्यात आडवा येणारा माणूस स्मारक वाचून आलेला नसतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेमिश्लच्या स्टेशनवर स्वयंसेवक युक्रेनमधून सुटून आलेल्यांना जेवण, पांघरुणं देत होते. त्याच गावात टोळक्याने तिघा भारतीयांना मारलं, एकाला इस्पितळात न्यावं लागलं. २०२५ च्या उन्हाळ्यात वाऊब्झिख या पोलिश शहरात पॅराग्वेच्या एका माणसाने मुलांचे फोटो काढल्याची आवई उठली, त्याला मारहाण झाली, तो राहत होता तिथे जमाव चालून गेला. पोलिसांना तसं काहीच सापडलं नाही. ज्या सुरक्षिततेचे गोडवे काका गातात, तिच्या नावानेच ही मारहाण झाली होती.

(उलट बाजूचा फॉरवर्डही असाच. २०२२ मध्ये वॉर्साच्या मॉलबाहेर भारतीयाला 'परजीवी' म्हणणाऱ्याचा व्हिडिओ 'बघा पोलिश लोक' म्हणून फिरला. शिव्या देणारा अमेरिकन होता.)

माझं विचाराल, तर रात्री अकराला ट्रामने एकटा येताना खिसा चाचपावा लागत नाही. घर शोधताना मात्र फोनवर माझे उच्चार ऐकून तिघांनी जागा 'आत्ताच गेली' म्हणून सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या आजी पहिली दोन वर्षं लिफ्टमध्ये 'जेन दोब्री' (नमस्कार) म्हणून दाराकडे बघत उभ्या राहायच्या. तिसऱ्या वर्षी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली दिसली, आत आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी. त्याच आठवड्यात ट्रामच्या थांब्यावर एकजण 'घरी जा' म्हणून ओरडला, मी कामावरून घरीच निघालो होतो.

तेव्हापासून ट्राममध्ये आईचा फोन आला की माझा आवाज आपोआप खाली येतो. तिला वाटतं, रेंज गेली.