'ह्यात घडतं काय?' असं विचारणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर स्वतःची बाजू मांडत बसलो असतो, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या आठवड्यात मी जपानी मंगामधल्या, म्हणजे तिकडच्या चित्रकथांमधल्या, घरगुती छोट्या गोष्टींवर लिहिलं होतं, स्वयंपाक, धुणंभांडी, बाजारहाट, मुलांचे डबे ह्यांच्या गोष्टी, आणि त्यांना सरसकट 'मन शांत करणारं वाचन' म्हटलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं की ह्या गोष्टींत घडत काहीच नाही, तीस वर्षं ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला कांदा चिरायची चित्रं कसली दाखवता, तुम्हाला ते शांत वाटतं कारण ते काम तुमच्या अंगावर पडत नाही, आणि जपानी बायकांचं कौतुक करण्याआधी आपल्या जात्यावरच्या ओव्या वाचा. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, 'तीस वर्षांत तव्यावरची गरम पोळी मी एकदाही सगळ्यांच्या आधी खाल्लेली नाही.'

आधी जे कबूल करायचं ते करतो. 'मन शांत करणारं' हे शब्द चुकले. मी रविवारी दुपारी आयतं जेवून पंख्याखाली आडवा होऊन त्या गोष्टी वाचल्या, म्हणून त्या मला शांत वाटल्या, आणि ती शांतता माझ्या दुपारची होती, गोष्टींमधली नव्हती. हे तुम्ही बोट ठेवल्यावर कळलं. पण 'काहीच घडत नाही' हे मात्र मला मान्य नाही, आणि मला वाटतं तुम्हीच ह्या गोष्टी वाचल्यात तर तुम्हालाही राहणार नाही.

मुरासाकी यामादा ह्यांचं घ्या. जन्म १९४८, २००९ मध्ये गेल्या. त्यांची 'शिनकिरारी' ही मालिका १९८१ ते ८४ ह्या काळात 'गारो' नावाच्या मासिकात आली, इंग्रजीत ती 'टॉक टू माय बॅक' नावाने २०२२ साली निघाली. तोक्योच्या बाहेरच्या भागातलं एक मोठं हाउसिंग कॉम्प्लेक्स, त्यात राहणारी चिहारू, दोन मुली, आणि रात्री उशिरा घरी येणारा नवरा ज्याला बायको म्हणजे घरातली कामवाली वाटते. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक छोटी गोष्ट. कुणी मरत नाही, कुणी घर सोडून पळत नाही, आरडाओरडाही फारसा नाही. मुली मात्र हळूहळू मोठ्या होतात, आईच्या हाताखालून निसटायला लागतात, आणि इतकी वर्षं ज्यांच्यासाठी ती राबली त्यांनाच तिची गरज कमी कमी होत जाते, तेव्हा ती स्वतःकडे बघायला लागते की आता मी कोण. यामादा बाईंची रेघ फार थोडी, कितीतरी चौकटींत चेहऱ्यावर नाक-डोळेच काढलेले नाहीत, नुसता चेहऱ्याचा आकार. पहिल्यांदा मला ते अपुरं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की ज्या घरात तिच्या तोंडाकडे कुणी नीट बघतच नाही त्या घरातली ती चित्रं आहेत.

ह्या बाईंनी १९८१ साली हे काढलं, तेही 'गारो'सारख्या मासिकात जिथे तोवर भणंग पुरुषांच्या, भटकंतीच्या, विचित्र स्वप्नांच्या गोष्टी जास्त. घर, संसार आणि त्यात अडकलेली बाई हा विषय इतक्या स्पष्ट आणि चिकाटीने तिथे आधी कुणी मांडलेला नव्हता. तुमच्या प्रतिक्रियेत जो राग आहे ना ताई, तोच आहे त्यात, फक्त तो भांडी विसळता विसळता बोललेला आहे.

आता कांदा चिरण्याच्या चित्रांबद्दल. कादंबरीत 'तिने स्वयंपाक केला' असं लिहिलं की संपलं, तीन शब्दांत दोन तास गिळले. सिनेमात वेळ आपोआप पुढे सरकतो. मंगामध्ये मात्र पाणी तापत ठेवलं ही एक चौकट, झाकण उचललं ही दुसरी, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे ही तिसरी, आणि प्रत्येक चौकटीला पानावर जागा द्यावी लागते. म्हणजे चित्रकाराने ठरवायचं की बाईच्या कामाला पानातली किती जागा द्यायची. ज्या कामाला घरात कुणी कामच म्हणत नाही त्याला कुणीतरी चार पानं दिली, ही माझ्या मते घटना आहे. आणि आवाज! जपानीत मंद आचेवर शिजणाऱ्याला कोतोकोतो, बुडबुडे येत शिजत राहणाऱ्याला गुत्सुगुत्सु, सुरीच्या ठोक्यांना तोनतोन, हे शब्द चित्रातच काढलेले असतात. आपल्याकडे आमटी रटरटते, पिठलं खदखदतं, फोडणी चुरचुरते. पुण्यात जॅपनीजच्या क्लासला हे शब्द शिकताना मला एकही पाठ करावा लागला नाही, कारण कान आधीच तयार होता, आईच्या ओट्याशेजारी बसून अभ्यास केल्यामुळे.

एक गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुमिको ताकानो, जन्म १९५७, निगाता प्रांतातल्या, नर्सिंग शिकून काही काळ नर्सचं काम केलेल्या. त्यांची 'तानाबे नो त्सुरु' म्हणून एक छोटी गोष्ट आहे, १९८२ च्या पहिल्या संग्रहात. त्सुरु ही घरातली म्हातारी, तिला आठवत नाही, कळत नाही, घरातले तिच्याशी म्हातारीशी बोलावं तसंच बोलतात, कधी वैतागतात. पण ताकानो बाई तिला काढतात ती एक लहान मुलगी म्हणून! सुरकुती नाही, काठी नाही, छोटीशी पोर घरभर फिरतेय आणि सगळे तिच्यावर चिडतायत. हे लेखनात जमणार नाही, नाटकातही जमणार नाही, फक्त चित्रातच जमेल. माझी आजी शेवटची दोन वर्षं अशी होती. दुपारी तीनला दप्तर शोधायची, शाळेला उशीर होतोय म्हणून रडायची, आणि आम्ही तिला म्हणायचो, आजी अगं तुझं वय काय, काय चाललंय तुझं. ती गोष्ट वाचली तेव्हा आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तिला आतून ती स्वतः किती वर्षांची दिसत असेल. त्या गोष्टीतही 'घडत' काही नाही, एका घरातला साधा दिवस आहे. त्यानंतर मी दोन दिवस धड कुणाशी बोललो नव्हतो.

तुम्ही म्हणालात की हे सगळं म्हणजे बायकांच्या कष्टाला गोंडस करणं आहे. काही ठिकाणी हे खरं आहे. माचिको हासेगावा ह्यांची 'साझाए-सान' १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका सांजदैनिकात सुरू झाली, पुढे 'असाही शिंबुन' ह्या दैनिकात १९७४ पर्यंत चालली, रोजच्या चार चौकटी. युद्धानंतरची टंचाई आहे त्यात, आणि साझाए धडपडी, मोठ्याने हसणारी, नवऱ्यासकट माहेरी राहणारी बाई आहे. पण १९६९ पासून तिचं जे टीव्हीवरचं कार्टून चालू आहे त्यात ते घर एकदम सुरक्षित, कायम तसंच राहणारं झालं, तिथे तुमचं म्हणणं लागू पडतं. फुमियो कोनोंच्या 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' ह्या मंगाला मात्र ते लावू नका. कुरे हे नौदलाचं बंदर, युद्धाचा काळ, लग्न होऊन आलेली सुझु, आणि रेशन इतकं कमी की रानातला पाला आणून शिजवायचा, तांदूळ आधी भाजून मग भरपूर पाण्यात फुगवायचे म्हणजे तेवढ्याच दाण्यांचा भात जास्त दिसतो. पोटं तेवढ्याने भरत नाहीत. ही रेसिपी चित्रांत इतकी नीट दिली आहे की आपण करून बघू शकतो, आणि त्या नीटपणातच भूक दिसते. ह्यात गोंडस काय आहे सांगा.

आणि घरकाम म्हणजे बाईच असं सगळीकडे नाहीये. फुमी योशिनागांच्या 'किनो नानी ताबेता' मध्ये, २००७ पासून चालू, शिरो आणि केंजी हे दोन पुरुष एकत्र राहतात, एक वकील, एक केस कापणारा. शिरो महिन्याला पंचवीस हजार येनमध्ये दोघांचं जेवण बसवतो, कुठल्या दुकानात काय स्वस्त ते बघून, एकीकडे रस्सा शिजत असताना दुसरीकडे भाजी चिरून. तो हिशोब वाचताना मला माझी आई आठवली, जिला कुठल्या वारी कोथिंबीर स्वस्त ते पाठ असायचं आणि ज्याला आम्ही कधी अक्कल म्हटलं नाही.

ओव्यांचं तुम्ही बरोबर बोललात, आणि त्या मी वाचल्यात, पण मला त्यात आणि ह्यात भांडण दिसत नाही. ओवी जातं ओढणाऱ्या हातातून आली, दळण सरत जाईल तशी ओळ सरते, काम आणि शब्द एकाच लयीत. यामादा बाईंनीही स्वतः मुली वाढवल्या, संसार केला आणि मग तो कागदावर काढला. ओव्या नको आणि मंगा वाचा असं मी कधीच म्हणणार नाही. मला उलट असं वाटतं की ज्या भाषेत ओव्या आहेत तिथल्या वाचकाला ह्या गोष्टी बाकीच्यांपेक्षा लवकर कळतील.

मूळ लेखातली ती 'मन शांत करणारं' वाली ओळ मी काढली आहे आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे, चालणार नसेल तर सांगा, काढतो. 'टॉक टू माय बॅक'ची माझी प्रत तुम्हाला वाचायला द्यायला आवडेल, इंग्रजी सोपं आहे, आणि एका बैठकीत वाचू नका, एक एक प्रकरण घ्या. वाचून तरीही 'काहीच घडत नाही' वाटलं तर तसं लिहा, मी ते जसंच्या तसं इथे टाकीन.

आणि ती गरम पोळीची ओळ मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पीठ मळत होती, मळतच राहिली, मग म्हणाली, त्या बाईंना विचार, आता तरी खातात का.