त्या कोल्ह्याला सुखानं पडू द्या

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

मुलाच्या शाळेत पालक-पाल्य कार्यशाळा होती. रविवारी सकाळी, आणि हजेरी सक्तीची. कानाला माइक लावलेले एक प्रेरणादायी वक्ते आले होते. त्यांनी पडद्यावर रोड रनरचं कार्टून लावलं. सुसाट पळणारा पक्षी आणि त्याला पकडायला धडपडणारा कोल्हा, ते. त्यातही कोल्हा हिरवा वटवाघळाचा पोशाख चढवून कड्यावरून उडी मारतो ना, तो भाग. (कायोटी म्हणा हवं तर, आमच्या घरात तो कोल्हाच.) हॉलभर पोरं खिदळायला लागली आणि या गृहस्थांनी नेमकं तेव्हाच चित्र थांबवलं. "मुलांनो, हसू नका. विचार करा. याचं काय चुकलं?"

हसू नका?

मग पालक सरसावले. नियोजनाचा अभाव. फोकस नाही. ओव्हरकॉन्फिडन्स. एका बाबांनी तर 'रिस्क असेसमेंट' म्हटलं आणि त्यांना टाळ्या मिळाल्या. वक्ते सगळं फळ्यावर लिहून घेत होते. माझ्या शेजारी कुणाचे तरी आजोबा बसले होते, ते मात्र अजून हसतच होते. खोकला लागेपर्यंत. त्यांच्याकडे वक्त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, तिथे माझं टाळकं सरकलं.

अहो, १९५६ सालचं कार्टून आहे ते. दिग्दर्शक चक जोन्सचं. त्याच्या आधी १९४९ साली, म्हणजे या जोडीच्या पहिल्याच कार्टूनमध्ये, कोल्ह्यानं सुपरहिरोचा पोशाख घालून हेच केलं होतं. तेव्हा तो सरळ धोंड्यासारखा खाली गेला. पण या वेळी, नीट बघितलं असेल तर, तो उडतो! खाली जातो, जातो, जमिनीला टेकणार इतक्यात पंख धरतात आणि वर येतो. मग आपल्याकडे बघून असं काही तोंड करतो की बस्स. त्यानंतर कड्यावर आपटतो. गंमत सगळी त्या तोंडात आहे. आणि तुम्ही ते तोंड अर्धवट गोठवून त्याच्यावर बुलेट पॉइंट काढता?

ते तोंड मी प्रत्यक्ष पाहिलंय, म्हणून इतकी चिडलेय.

आजोळी, कोकणात, मे महिन्यात माझ्या मामेभावानं दोन्ही हातांना दोन सुपं बांधली, गोठ्याच्या छपरावर चढला आणि उडी टाकली. खाली पेंढ्याची उडवी होती, तिच्यावर उतरायचा बेत होता. उतरला शेजारच्या गायरीत. कंबरेपर्यंत शेण. पण मधला तो क्षणभर, हात पसरलेले, सुपं फडफडतायत आणि तो मान वळवून आमच्याकडे बघतोय! तेच तोंड. अगदी तेच. आजी मागीलदारातून ओरडत आली ती "मेल्या, माझी सुपं!" करत. त्याला लागलंय का हे तिनं सुपं तपासून झाल्यावर विचारलं.

कुणी लगेच लिहील की मुलं बघून नक्कल करतात. बरं. शक्तिमानच्या वेळी पोरं उड्या मारतायत अशा बातम्या आल्या होत्या आणि मुकेश खन्नांना टीव्हीवरून समजावावं लागलं होतं, हे मान्य. पण शक्तिमान गरगर फिरून व्यवस्थित उतरायचा. आमचा कोल्हा उतरतो कुठे? दर वेळी आपटतो. त्याची नक्कल कोण शहाणा करील? आणि मामेभावानं उडी मारली तेव्हा आजोळी टीव्हीच नव्हता. त्याला कोणी शिकवलं होतं? छप्पर होतं, सुपं होती, दुपारी मोठी माणसं झोपली होती. पुरे की एवढं.

नव्वदीत केबलवर कार्टून नेटवर्क आलं. रात्री तेच चॅनेल टीएनटी होऊन इंग्रजी सिनेमे दाखवायचं. तेव्हा या भावाबरोबरच मी कोल्हा बघितला. तो सोफ्यावरून खाली पडून हसायचा. त्याला कळत होतं ना, हवेत असताना काय वाटतं ते.

आता थोडं शांतपणे. पडणं हे कायम हसण्यासारखं नसतं, मलाही कळतं. १९१२ साली पॅरिसमध्ये फ्रान्झ रायशेल्ट नावाच्या शिंप्यानं स्वतः शिवलेला पॅराशूटचा अंगरखा घालून आयफेल टॉवरवरून उडी घेतली. कॅमेरे लावलेले होते, ती फिल्म आजही बघायला मिळते. कठड्यावर उभा राहून तो किती तरी वेळ घुटमळतो. मग उडी मारतो आणि मरतो. ते मी एकदा पाहिलं, पुन्हा बघवणार नाही. ग्लायडरवाला लिलिएंथालही १८९६ साली पडूनच गेला. खऱ्या माणसांचं असं होतं म्हणून तर कोल्हा हवा. तो पुढच्या प्रसंगात पक्षी पकडायच्या नव्या यंत्राचं खोकं उघडून हजर! त्याला इजा कमी आणि फजिती जास्त व्हावी, हा जोन्सनं स्वतःला घालून घेतलेला नियमच होता. आणि ही फजिती आयती होत नाही हो. दरीत पडणारा कोल्हा दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, मग १४ फ्रेमनंतर खाली आपटणं, असा हिशेब त्यानं बसवला होता. सेकंदाला २४ फ्रेम असतात. म्हणजे सव्वा सेकंदाहून जरा जास्त. तेवढ्यासाठी माणसं कागदावर मान मोडून काम करत होती, आणि तुम्ही रिमोट दाबून ते मधेच थांबवता!

हे लिहिता लिहिता परत राग आला.

वक्ते म्हणतील, अपयशातून शिकायला नको का? शिका ना. राइट बंधू शिकले, उडाले, छान झालं. (तळपद्यांचं विमान १८९५ साली चौपाटीवर उडालं की नाही, यावर कृपया इथे भांडू नका. मागच्या वेळी दोन काका ब्लॉक करावे लागले.) पण एकूण एक गोष्ट पिळून तिच्यातून धडा काढायचाच का? डिस्नेच्या गूफीनं १९४० साली ग्लायडर उडवायची खटपट केली होती. त्या काळातली गूफीची 'हे असे करावे' छापाची कार्टूनं आठवा. पडद्यामागून एक भारदस्त आवाज शास्त्रशुद्ध माहिती सांगतोय आणि इकडे गूफी तोंडावर आपटतोय. त्यात चेष्टा गूफीपेक्षा त्या आवाजाची असते. आज तो आवाज माइक लावून शाळेत आला होता आणि आम्ही वह्या काढून उतरवून घेत होतो.

माझ्या भावालाही तेव्हा कुणी "तुझं काय चुकलं" विचारलं नाही. विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. मामानं एक धपाटा दिला आणि मग स्वतःच पाठ फिरवून हसत सुटला, खांदे हलताना आम्हाला दिसत होते. रात्री जेवताना सगळ्यांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा तेच सांगून घेतलं. सांगता सांगता छप्पर उंच होत गेलं. आज तो बँकेत आहे, कर्जाच्या फायली तपासतो, अत्यंत सावध माणूस. त्याचा सुपांशी काही संबंध नाही, उगीच जोडू नका.

घरी आल्यावर पोराला तो सगळा भाग न थांबवता दाखवला. मग आणखी एक. मग जेवण गार झालं आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली.

कमेंटमध्ये तुमच्याकडे कोण कुठून उडालं होतं ते लिहा. छत्री, चादर, आईची साडी, काहीही चालेल. हाडबीड मोडलं असेल तर तेही सांगा. फक्त त्यातून काय शिकलात ते लिहू नका, ती कमेंट मी उडवणार.