‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ते साहेब,

पाण्याच्या प्लास्टिक जारमधल्या बिस्फेनॉल-ए (बीपीए) या रसायनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘पेट बाटलीत बीपीए नसतंच. उंदरांच्या पेशींवरून माणसांना घाबरवायचं आणि जर्मनांना हे पटलं नाही ते लपवायचं! बाईंनी स्वयंपाकावर लिहावं.’

बाटलीचं मान्य. लिटरभराची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते, तिच्यात बिस्फेनॉल-ए वापरत नाहीत. वाक्य दुरुस्त केलंय. माझा रोख होता तो 20 लिटरच्या निळसर, टणक जारवर. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकचा असेल तर तो बिस्फेनॉल-ए पासूनच बनलेला असतो.

आता ते शेवटचं वाक्य. स्वयंपाकावर लिहितेच की, त्यात काय चोरी आहे? पण त्याआधी 19 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजल्यात. डोळा सूक्ष्मदर्शकाला, डावा हात काउंटरवर, बोटं लिशमनच्या रंगाने जांभळी. बाईने मोजलंय म्हणून रिपोर्ट कोणी परत केला नाही हो! तुम्ही कधी एक तरी स्लाइड पाहिलीय?

‘उंदरांच्या पेशी’ हे तुम्ही झुरळ झटकावं तसं म्हणता. त्या टीएच-17 नावाच्या प्रतिकारपेशी. एरवी जंतू-बुरशीशी लढतात, पण शरीर स्वतःवरच उठतं अशा विकारांतही त्यांचं नाव येतं. बिस्फेनॉल-ए इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं आणि इस्ट्रोजेन ओळखणारे रिसेप्टर प्रतिकारपेशींतही असतात. उंदरांत याच पेशी वाढल्या म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर आणली. 20,000 पट खाली! 2024 च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीच घातली. ही काय माझ्या भिशीतली मंडळी आहेत?

जर्मनांचा, म्हणजे तिथल्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेचा, आकडा वेगळा आहे, पण जुन्या मर्यादेपेक्षा खालीच. त्यावर वेळ घालवत नाही.

आमच्या लॅबचे जार जिन्यात उन्हात उभे असत. दुपारी पाणी कोमट आणि त्याला रेनकोटसारखा वास. तेच प्यायलो सगळे. माझ्या थायरॉइडच्या अँटिबॉडीज (शरीर स्वतःवर उठल्याची खूण) वाढल्या तेव्हा कारण विचारलं, डॉक्टरांनी खांदे उडवले. यातून काही सिद्ध होत नाही, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगते. पण तो वास मी घेतलाय, तुम्ही नाही.

पुन्हा जरूर लिहा, ‘बाईंनी’ वगळून. आणि उद्या अळूच्या फदफद्याची कृती टाकतेय. त्यात उंदीर नाहीत.