हडफडेच्या आगीनंतर: बंबाला रस्ता कोण दाखवणार?

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली, तेव्हापासून गोव्यात जी चर्चा चाललीय ती मी इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला बसून वाचतोय आणि घरच्या ग्रुपवर ऐकतोय. परवाना कोणी दिला, पाडायची नोटीस निघाली होती तर तिला स्थगिती कशी मिळाली, पंचायत काय करत होती. हे सगळं विचारायलाच पाहिजे. पण त्या बातम्यांमध्ये एक ओळ होती ती माझ्या डोक्यातून जात नाही, ती म्हणजे रस्ता अरुंद असल्यामुळे बंब साधारण ४०० मीटर लांब उभे करावे लागले. अरे, तो रस्ता काय त्या रात्री अरुंद झाला? वर्षानुवर्षं तो तेवढाच आहे, वाड्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. हीच माहिती बंब स्टेशनातून बाहेर पडायच्या आधी ड्रायव्हरसमोर आकड्यात असायला हवी, आणि माझ्या मते गोव्यात सगळ्यात कमी चर्चा नेमकी हिचीच होते.

इथे मी बस स्टॉपवर जातो त्या वाटेवर भिंतीला एक पिवळी पाटी आहे, वर एच अक्षर आणि खाली दोन आकडे. वरचा आकडा जमिनीखालच्या पाइपचा व्यास, मिलिमीटरमध्ये, खालचा आकडा त्या पाटीपासून हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायची जोडणी, किती मीटरवर आहे तो. एकदा अग्निशमनवाले तिथलं लोखंडी झाकण उचलून पाणी सोडून बघत होते, कुठे काही पेटलेलं नव्हतं, तपासणीच चालली होती. पाटी ही नुसती खूण, खरी यादी त्यांच्या नकाशात असते आणि गाडीतल्या स्क्रीनवर दिसते, सोबत मोठ्या इमारतींमधले धोकेही. फोन करणाऱ्याला पत्ता सांगता आला नाही तरी मोबाइल आपोआप जागा कळवतो, ही सोय ब्रिटनमध्ये २०१४ पासून सुरू झाली. बंब जाण्यासाठी रस्ता ३.७ मीटर आणि फाटक ३.१ मीटर रुंद हवं हेही बांधकामाच्या मार्गदर्शक नियमांत लिहिलेलं आहे.

आता कोणी म्हणेल, तुम्ही तिकडे जाऊन तिकडचंच कौतुक करता. तसं नाही हो. २०१७ साली लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ लोक गेले, इतकं सगळं असलेल्या देशात. त्यानंतर कायदा झाला आणि जानेवारी २०२३ पासून किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली राहत्या इमारतींच्या मालकांना मजल्यांचे नकाशे अग्निशमन दलाला डिजिटल स्वरूपात देणं बंधनकारक केलं. म्हणजे इथेही माणसं गेल्यावरच डोळे उघडले. आपले उघडणार असतील तर ही वेळ आहे.

गोव्याचा नकाशा मात्र इथली नक्कल करून होणार नाही. आपल्याकडे पंचायतीचा घर नंबर घरपट्टीसाठी, १२३ च्या शेजारी १२४ असेलच असं नाही. मागे सुट्टीत उत्तर गोव्यात, बार्देश तालुक्यात आमच्या गावी काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, आग लागली तर काकांनी फोनवर पत्ता काय सांगितला, चॅपेलवरून खाली या, मग पिंपळ लागेल, तिथून डावीकडे. आणि शेवटी शेजारचा पोरगा स्कूटर घेऊन तिठ्यावर जाऊन उभा राहिला, बंब आला की त्याच्या पुढे पुढे घर दाखवत यायला. आपल्या प्रत्येक गावात असंच चालतं. पोरगा चांगलाच आहे, पण रात्री दोन वाजता तो कुठून आणणार? टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन काढलाय, साधारण चार बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी कोड. तो घर नंबरच्या पाटीवर रंगवला आणि कंट्रोल रूमने तो घ्यायला सुरुवात केली तरी केवढा फरक पडेल.

पाण्याचंही तसंच. विहिरी, देवळाची तळी, हॉटेलांच्या टाक्या, हे सगळं नकाशावर हवं, आणि त्यातलं एप्रिल-मेमध्ये कोरडं काय पडतं तेही. ही माहिती आज कुठे आहे तर जुन्या जवानांच्या डोक्यात, आणि ते रिटायर झाले की ती त्यांच्याबरोबर घरी जाते.

म्हापशाचा माझा एक मित्र म्हणतो, आधी बंब द्या, माणसं द्या, स्टेशनं वाढवा, नकाशे नंतर. बंब आणि माणसं हवीतच. पण नवं स्टेशन कुठे हवं हे आमदाराच्या मागणीवरून ठरवणार की मोजून? शहरात पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत पोचायचं हा आपल्याच देशाचा निकष आहे. नकाशावर जुने गोवेच्या स्टेशनाभोवती वर्तुळ काढलं तर दिवाडी बेट सहज त्यात येतं, पण मध्ये मांडवी नदी आहे आणि पलीकडे जायला फेरीबोट. म्हणून वर्तुळ कामाचं नाही, रस्त्याने खरोखर किती मिनिटं लागतात ते बघावं लागतं, तेही शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला वेगळं, डिसेंबरात कळंगुट-हणजूणला वेगळं, कार्निव्हलला पणजीत वेगळं. हे एकदा मांडलं की कुठे स्टेशन हवं आणि कुठल्या गल्लीत मोठ्या बंबाऐवजी छोटी गाडी पाठवायची, दोन्ही दिसायला लागतं. पैशाचं म्हणाल तर राज्यांच्या अग्निशमन सेवा सुधारायला केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना काढली, त्यातून बंबच घ्यायचे असा काही नियम नव्हता.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. नकाशा खरा केला की त्यात सगळंच दिसणार, कुठल्या क्लबला एकच दरवाजा आहे, कोणी रस्त्यात भिंत घातलीय, मिठागरात काय उभं राहिलंय. पंचायत, नगरनियोजन, वीज खातं आणि अग्निशमन दल यांच्या फायली एकाच इमारतीवर एकत्र आल्या तर मला माहीत नव्हतं असं कोणालाच म्हणता येणार नाही. म्हणून हे काम अडेल तर तंत्रज्ञानामुळे अडणार नाही.

सुरुवात अख्ख्या गोव्यापासून करायचीही गरज नाही. बार्देशची किनारपट्टी घ्या, पुढचा पर्यटनाचा सीझन सुरू व्हायच्या आत. पावसाळ्यात जवानांबरोबर पंचायतीचा एक माणूस आणि कॉलेजची पोरं टेप घेऊन प्रत्येक वाड्यावर फिरू देत, गल्लीची रुंदी, वर लोंबणाऱ्या वायरी, वळायला जागा आहे की नाही, विहीर कुठे, हे मोबाइलवर भरू देत. आणि दरवर्षी तो नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावा, चुकलेलं लोकच सांगतील.