क्वार्टरबॅक वाया कसा घालवावा : होतकरू संघमालकांसाठी मार्गदर्शन

२०२५ च्या हंगामाचे सात सामने झाले, सातही गेले, आणि २१ ऑक्टोबरच्या मंगळवारी न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक वुडी जॉन्सन यांनी त्याचं कारण शोधून काढलं. कारण क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा आक्रमणाचा म्होरक्या. असा क्वार्टरबॅक असला तर कुठल्याही कोचची हीच गत होणार, निदान एखादा पास पुरा झाला असता तरी बरं दिसलं असतं, अशा अर्थाचं ते पत्रकारांपुढे बोलले. हा क्वार्टरबॅक म्हणजे जस्टिन फील्ड्स. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात दोन वर्षांचे चार कोटी डॉलर कबूल करून यांनीच त्याला आणला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

इतकी थोर विद्या एकाच घराण्यात राहू नये, म्हणून हे मार्गदर्शन. उद्या तुमच्या नावावर अमेरिकन फुटबॉलचा एखादा संघ झालाच, तर जिंकायचं कसं ते कुणीही सांगेल. पण सलग चौदा हंगाम बाद फेरीचं तोंड न बघता, पंधरावाही त्याच वाटेला लावून, तरीही लोकांना तिकिटं काढायला लावायची कशी, हे शिकायचं तर आमच्या न्यू जर्सीलाच यावं लागेल. नाव न्यूयॉर्कचं असलं तरी मैदान ईस्ट रदरफर्डला आहे, आपल्या एडिसन-जर्सी सिटीवाल्यांच्या हाकेच्या अंतरावर. बत्तीस संघांत आज इतका कडक उपास दुसऱ्या कुणाचा नाही.

पात्रतेची काळजी करू नका, पैसे सोडून दुसरी लागत नाही. २००० साली ६३.५ कोटी डॉलर पुरले होते.

एक जुना विजय मात्र हाताशी हवा. आमच्याकडे १२ जानेवारी १९६९ चा आहे. आमचा क्वार्टरबॅक जो नेमथ याने आधी जिंकण्याची हमी दिली आणि बॉल्टिमोर कोल्ट्सना १६-७ ने हरवून दाखवलं. त्यानंतर सुपर बोल, म्हणजे तो अजिंक्यपदाचा अंतिम सामना, आम्ही टीव्हीवर बघतो. हा विजय दरवर्षी झटकून पुसून दाखवायचा. ज्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला त्यांना आता नातवंडं आहेत, आणि ती बिचारी नातवंडंही हिरवा शर्ट घालून बसतात.

आता मुख्य प्रयोग : कोवळा क्वार्टरबॅक.

तो महागात घ्यायचा, हे पहिलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडायच्या वार्षिक सोहळ्यात, आमचा सहावा नंबर होता. आम्ही तो आणि वर दुसऱ्या फेरीतल्या तीन निवडी कोल्ट्सना देऊन तिसरा घेतला आणि सॅम डार्नल्ड आणला. डार्नल्ड गुणी होता, त्यात वाद नाही. पण कोल्ट्सनी आमच्या त्या निवडींचं काय केलं ते बघा. सहाव्या नंबरावर त्यांनी क्वेंटन नेल्सन उचलला, सदतिसाव्यावर ब्रेडन स्मिथ. एक गार्ड, एक टॅकल. दोघेही लाइनवाले, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणारे, आणि दोघांनीही वर्षानुवर्षं त्यांच्या क्वार्टरबॅकची पाठ राखली. आम्ही मुलगा घेतला आणि त्याची पाठ राखणारे विकून टाकले. क्रम नीट लक्षात ठेवा, उलटा झाला तर संघ चुकून सुधारतो.

मग त्याला लगेच मैदानात ढकला. एकविसाव्या वर्षी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात. वर्षभर कुणा जाणत्याच्या मागे बसवून शिकवायची चैन मोठ्या घरच्यांना परवडते.

वर्ष संपलं की कोच बदला. हे कलम कसं काम करतं ते समजून घेण्यासारखं आहे. डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून अडेपर्यंतची एक चाल, आणि दोन डावांमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालतं. डावाचं नाव कोच क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद पडतो. तेवढ्यात पोराने दहाबारा शब्दांचं ते नाव दहा जणांना सांगायचं, समोरची बचावफळी वाचायची आणि गरज पडली तर डाव बदलायचा. चेंडू हातात आला की साधारण अडीच सेकंद. त्यात पाय किती मागे न्यायचे, पहिली नजर कुणाकडे, तो झाकलेला असेल तर दुसरी कुणाकडे, हे सगळं अंगवळणी पडलेलं असावं लागतं. विचार करायला वेळच नसतो. नवा कोच आला की त्याच डावाला नवं नाव, पायांची नवी मोजणी, नजरेचा नवा क्रम. म्हणजे कालपर्यंत जे आपोआप व्हायचं त्याचा आता विचार करावा लागतो, अडीचाचे तीन सेकंद होतात, आणि तेवढ्यात सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येतो. असं दोनचार महिने चाललं की पोराची नजर दूर धावणाऱ्या खेळाडूंवरून उतरून अंगावर येणाऱ्यांवर खिळते. पुढे कुणी येत नसलं तरी त्याला येताना दिसतो.

पुरावा हवा? २१ ऑक्टोबर २०१९, सोमवारची रात्र, समोर पेट्रियट्स, स्कोर ३३-०. डार्नल्डच्या अंगावर टीव्हीवाल्यांचा माइक होता आणि बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत. त्या सामन्यात त्याचे चार पास विरोधकांच्या हाती गेले. अख्खा देश हसला. हसणाऱ्यांत एकालाही वाटलं नाही की ही भुतं आणली कुणी, पोसली कुणी.

तीन हंगाम झाले की त्याला विका. सहाव्या फेरीची एक निवड आणि पुढच्या वर्षाची दुसऱ्या व चौथ्या फेरीची, इतक्याला तो कॅरोलायनाला गेला. मग गंमत पाहत बसा. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून सतरापैकी चौदा सामने जिंकला. त्यातला एक लंडनमध्ये, आमच्याविरुद्ध, २३-१७. दोन दिवसांनी आम्ही काय केलं? आमचा कोच रॉबर्ट सालेह काढला. २०२५ मध्ये सिॲटलने डार्नल्डला तीन वर्षांचे दहा कोटींवर डॉलर देऊ केले आणि तो तिथेही जिंकू लागला. त्याच्या आधीचा आमचा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ आठवतो? इथे असताना २०१५ मध्ये स्वतःच्याच संघातल्या माणसाने सहाशे डॉलरच्या वादात ड्रेसिंग रूममध्ये त्याचा जबडा फोडला. २०२२ मध्ये सिॲटलला तोच जीनो पुनरागमनाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे आमच्याकडे बाद ठरलेला माल दुसऱ्याच्या दुकानात चांगला खपतो. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतं. हे लोक प्रत्येक वेळी योगायोगच म्हणतात, आणि प्रत्येक वेळी दोष मालाचाच! हात आपले, सुरी आपली, कापणारे आपण, आणि चौकशी भाजीची!

असो. शांतपणे पुढे.

हरायचंच असेल तर तेही धड हरू नका. २०२० मध्ये तेरापैकी तेरा हरून आम्ही तळाच्या संघाला मिळणारा ड्राफ्टचा पहिला नंबर जवळजवळ खिशात घातला होता. मग डिसेंबरमध्ये रॅम्सना हरवलं, पुढच्या आठवड्यात ब्राउन्सना. पहिला नंबर जॅक्सनव्हिलला गेला, त्यांनी ट्रेव्हर लॉरेन्स घेतला. आम्हाला दुसऱ्यावर झॅक विल्सन मिळाला.

विल्सनवर वरचाच प्रयोग पुन्हा करा, साहित्य तेच. फक्त एक प्रसंग मासला म्हणून देतो. नोव्हेंबर २०२२, पेट्रियट्सच्या मैदानावर दुसऱ्या अर्ध्यात अख्ख्या आक्रमणाची कमाई दोन यार्ड. दोन. उंच माणूस आडवा पडला तरी जवळपास तेवढं अंतर होतं. बचावफळीने जीव तोडून त्यांना तीन गुणांवर रोखून धरलं होतं, आणि शेवटच्या काही सेकंदांत आमचा पंट, म्हणजे लाथेने लांब उडवलेला चेंडू, परत पळवत नेऊन त्यांनी १०-३ ने सामना घेतला. नंतर विचारलं की बचाववाल्यांना तोंडघशी पाडलंस असं वाटतं का, तर विल्सन म्हणाला, नाही. त्या एका शब्दाने ड्रेसिंग रूम गेली. पण पत्रकारांपुढे काय बोलावं हे पोराला शिकवणारं कुणी नव्हतं, कारण या संघात ते मालकालाच शिकवलेलं नाही.

पोरं संपली की म्हातारा आणा. ॲरन रॉजर्स, वय ३९, थेट ग्रीन बेहून. सोबत त्याच्या मर्जीतला आक्रमणाचा कोच, जो आदल्याच वर्षी डेन्व्हरने हंगाम संपायच्या आत घरी पाठवला होता. डावा टॅकल म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याची न दिसणारी बाजू सांभाळणारा माणूस. तिथे ३८ वर्षांचा गडी उभा केला. ११ सप्टेंबर २०२३, चौथा डाव, ती बाजू फुटली आणि रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली. टाच जाणं हे दुर्दैव, मान्य. ३८ वर्षांचा टॅकल हे दुर्दैव नाही, ती खरेदी आहे.

आणि जाताना हिशेब बघा. बोनसची रक्कम खेळाडूच्या खात्यात लगेच जाते, पण पगारमर्यादेच्या वहीत ती जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येते. खेळाडूला आधीच सोडलं की उरलेली सगळी एकदम अंगावर येते. १ जूननंतरची सवलत घेतली तर दोन हंगामांत विभागते, इतकंच. रॉजर्सचे असे ४.९ कोटी डॉलर उरले : २०२५ मध्ये १.४ कोटी, २०२६ मध्ये ३.५ कोटी. २०२५ च्या पहिल्याच सामन्यात तो पिट्सबर्गच्या शर्टात आमच्या घरी आला, चार टचडाउन पास टाकले आणि ३४-३२ ने जिंकून गेला. वहीत तेव्हाही आमच्याकडेच होता.

कोचला हंगामाच्या मध्येच काढा, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं.

आता फील्ड्स. तो धुतल्या तांदळाचा आहे असं कुणीच म्हणत नाही. चेंडू फार वेळ हातात धरून ठेवतो, हे शिकागोत असल्यापासून लहान पोरालाही माहीत आहे. २०२२ मध्ये पास टाकायच्या आतच ५५ वेळा आडवा झाला, याला सॅक म्हणतात. त्याच वर्षी ११४३ यार्ड धावलासुद्धा. म्हणजे दोषही छापील आणि गुणही छापील. असा माणूस घेतला तर काय करायचं ते ठरलेलं आहे : एकाच खेळाडूकडे बघून टाकायचे झटपट पास, त्याला लाइनच्या आडोशातून बाहेर काढून पळत फेकायला लावायचं, धावायचे डाव भरपूर, आणि तिसऱ्या प्रयत्नाला दहा-बारा यार्ड हवेत अशी वेळ येऊच द्यायची नाही. बरं, २०२५ मध्ये लाइनचीही सबब पुरती चालत नव्हती. फशानू आणि मेम्बू, दोन्ही टॅकल पहिल्या फेरीतले, तरुण. गार्ड व्हेरा-टकर जखमी होता हे खरं, पण एका गार्डपायी नऊ सॅक होत नाहीत.

हो, नऊ. १२ ऑक्टोबर २०२५ ला लंडनमध्ये डेन्व्हरविरुद्ध. इथे सकाळी साडेनऊ, भारतात संध्याकाळचे सात, त्यामुळे पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांनाही सोयीच्या वेळी आपली अब्रू बघता आली. फील्ड्सचे पास मिळून ४५ यार्ड. नऊ सॅकमध्ये गेले ५५. संघाच्या हिशेबात दुसरी रक्कम पहिलीतून वजा होते. उत्तर : उणे दहा. म्हणजे सामनाभर पास टाकायचा विचारच केला नसता, चेंडू हातात घेऊन जमिनीवर बसले असते, तरी दहा यार्ड जास्त मिळाले असते. आणि हरलो किती फरकाने? १३-११. दोन गुणांनी! बचावफळीने सामना तबकात ठेवून दिला होता. डेन्व्हर सॅकसाठी कुप्रसिद्ध आहे हे आठवडाभर आधी ठाऊक होतं, तरी सातव्या सॅकनंतरही डाव तेच. पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर कॅरोलायनापुढे सहा गुण, आणि अर्ध्यावर फील्ड्स बाकावर.

मग मंगळवारी मालक बोलले.

वुडीसाहेब, पुरे झालं मार्गदर्शन. तुम्हाला पंचवीस वर्षं होऊन गेली. या पंचवीस वर्षांत कोच बदलले, मॅनेजर बदलले, क्वार्टरबॅक तर मोजायचे सोडून दिले. एक खुर्ची तेवढी बदलली नाही. ऐन हंगामात, पुढचा सामना पाच दिवसांवर असताना, स्वतःच्या पगारी माणसाला जगापुढे नालायक ठरवलंत? त्या ड्रेसिंग रूममध्ये त्रेपन्न जण आहेत. आज फील्ड्स, उद्या आपण, हे त्यांना कळत नाही असं वाटतं तुम्हाला? ज्याला दुसरीकडे जायची सोय आहे तो चांगला खेळाडू हे ऐकून तुमच्या दारात कशाला येईल? आणि तुमचा तेव्हा नवा असलेला कोच ॲरन ग्लेन, जो खेळाडू म्हणून इथेच वाढला, त्याने त्या रविवारी कुणाला उतरवायचं हे कुठल्या तोंडाने ठरवायचं? उतरवला तर मालकाविरुद्ध, बसवला तर मालकाच्या हुकमाने. एका वाक्यात तुम्ही दोघांचीही वाट लावलीत.

फील्ड्स वाईट खेळला, हे आम्हीही बोलतो. आम्ही तिकीट काढतो, आम्हाला तो हक्क आहे. तुम्हाला नाही. त्या करारावर आमची सही नव्हती. पुढच्या वेळी माइक समोर आला तर गप्प बसा, आणि गप्प बसवतच नसेल तर चुकलेल्यांची यादी वरून वाचायला घ्या.