एलएनजीचा पंप टाकताय? आधी सुतळीची गुंडी आणा

भाऊ, हायवेला लागून तीन एकर आहे, संत्र्यानं दोनदा दगा दिला, पेट्रोलपंप साळ्याला मिळाला आणि आता तुमच्या डोक्यात एलएनजीचा, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचा, पंप घोळतोय. घोळू द्या. ११ जुलै २०२१ ला नितीन गडकरींनी नागपुरात एलएनजी केंद्राचं उद्घाटन केलं, त्या दिवसापासून ज्याच्या धुऱ्यावरून ट्रक दिसतात तो प्रत्येक जण स्वतःला दुबईचा शेख समजतो. तुम्हीही समजा. तेवढ्याला परवाना लागत नाही.

बाकी सगळ्याला लागतो. आणि तो देणाऱ्या खात्याचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या पेसोचं, मुख्यालय दिल्लीत नाही की मुंबईत नाही, आपल्या नागपुरात आहे. फटाक्यांपासून गॅसच्या टाक्यांपर्यंत साऱ्या देशाच्या फायली त्या दारात येतात. आपल्याला ते एसटीनं दोन-अडीच तासांवर. एवढं जवळ असल्यावर जायचं कशाला? देवळाशेजारी राहणारा कधी दर्शनाला जातो का? १८९८ पासून चालत आलेलं खातं आहे, पळून जात नाही. दाबाच्या टाक्यांसाठी त्यांचे २०१६ चे नियम आहेत. त्याची एक प्रत आणून गल्ल्याच्या टेबलाच्या पायाखाली घाला, टेबल डुगडुगत नाही.

आता माल. हा मुळात मिथेन, म्हणजे गोबरगॅसमध्ये असतो तोच. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं पाणी होतं आणि सहाशे लिटर वायू एका लिटरात मावतो. आपली काळीपिवळी आठवा. आठ जणांच्या गाडीत बावीस बसतात ना, तसं. फरक एवढाच की काळीपिवळीतले लोक फाटा येईपर्यंत दम धरतात. हा माल धरत नाही. तुमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश, टाकीत उणे १६२, मध्ये दोनशे अंशांचा फरक. आतल्या प्रत्येक थेंबाला सहाशे पट होऊन बाहेर पडायची घाई.

एवढी थंडी आपल्याला नवी नाही. जनावराचा डॉक्टर गाय भरवायला यायचा तेव्हा मोटरसायकलला नायट्रोजनची ॲल्युमिनियमची टाकी बांधलेली असायची. आत उणे १९६ अंश. मी आठवीत असताना त्यानं त्यात जास्वंदीचं फूल बुडवून दाखवलं आणि टिचकी मारली, तर पापडासारखा भुगा झाला. तो गायीकडे वळल्यावर मी ओल्या बोटानं आतला दांडा धरला. बोट सुटलं, बोटाची साल दांड्यावरच राहिली. डॉक्टर म्हणाला, "काही होत नाही, बाप्पा." बोटाला व्रण अजून आहे, पण ते वाक्य मात्र जन्मभर कामी आलं. तुमचा पंपही याच वाक्यावर चालणार आहे, म्हणून सांगितलं.

कारण डिस्पेन्सर, म्हणजे ट्रकमध्ये गॅस भरायचं यंत्र, ज्यानं बनवला त्यानं हे वाक्य कधी ऐकलेलं नाही. त्याचा माणसावर विश्वासच नाही. पोरगा घाई करेल, ड्रायव्हर विसरेल, मालक पैसे वाचवेल, असं गृहीत धरून त्यानं एकेक भाग बसवलाय. हा सरळसरळ आपला अपमान आहे, आणि त्याला उत्तर सुतळीनंच द्यायचं.

सुरुवात हातमोज्यांपासून करा. क्रायोजेनिक, म्हणजे असल्या थंडीचे, हातमोजे, तोंडापुढची पारदर्शक ढाल, ॲप्रन, असा सारा साज मिळतो. मोजे मुद्दाम ढगळ असतात, आत द्रव शिरला तर हात झटकून फेकता यावेत म्हणून. पॅन्ट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचली तर बुटाचा गडवा होतो आणि त्यात उणे १६२ भरतं. सगळं खरं, पण या लोकांनी खर्रा पाहिलेला नाही. तुमचा पोरगा दिवसातून आठ पन्न्या घोटणार. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून अंगठ्यानं रगडायचं, रंग चढेपर्यंत रगडायचं. त्या मोज्यात अंगठा लागतो कुठं? तो तुम्हाला विचारेल, "भाऊ, यानं पुडीची गाठ बी सुटत नाही, काहून घालू?" त्याच्याकडे मुद्दा आहे. मोजे घरी द्या, चुलीवरचं पातेलं उतरवायला बरे पडतात. ढाल मोटरसायकलवर धुळीला चालते. तपासणीचा साहेब आला की दोन्ही परत मागवायचे, पातेल्याची काजळी पुसून.

ट्रक लागला की आधी अर्थिंगचा चिमटा चेसीसला लावायचा असतो, म्हणजे अंगात साठलेली वीज जमिनीत जाते आणि ठिणगी पडत नाही. त्याचा आपल्याकडे होणारा खरा उपयोग शेवटी सांगतो.

मग नोझल. ते ट्रकच्या तोंडाला बसवण्याआधी दोन्ही तोंडं कोरड्या हवेनं फुंकायची असतात. त्यासाठी बाजूला वेगळी नळी टांगलेली असते. ओल राहिली तर जोडताक्षणी तिचा बर्फ होतो, आतली झडप नीट मिटत नाही आणि नोझल काढताना द्रव फवारतो. पण हवेच्या नळीवर पोरांचं लक्ष असतं, तिनं सायकलच्या ट्यूब भरता येतात का ते पाहायला. तोंड पुसायला गमछा आहे. गमछ्यानं पुसलं की घामाची ओल आत जाते, नोझल गोठून बसतं, आणि मग खरं कौशल्य दिसतं. पुस्तकात लिहिलंय, थांबा, आपोआप सुटेल. थांबायला काय आपण सातबाऱ्याच्या रांगेत उभे आहोत? दोन नंबरचा पाना घ्या, हाणा. नाही सुटलं तर चहाचं उकळतं पाणी. ते क्षणात गोठेल आणि नोझल आणखी घट्ट धरेल, पण पोराला काहीतरी केल्याचं समाधान मिळेल.

काही यंत्रांवर एक बटण असतं, ते भरणी चालू असेपर्यंत माणसानं दर थोड्या वेळानं दाबत राहायचं. माणूस पडला, पळाला, बेशुद्ध झाला की दाबणं थांबतं आणि पुरवठा बंद. म्हणजे पोरानं तिथंच उभं राहायचं, मोबाईल सोडून! इथं सुतळी लागते. अर्थात दाबून धरलं तरी यंत्र फसत नाही, त्याला सोडून पुन्हा दाबलेलं लागतं. म्हणून सुतळीचं दुसरं टोक खुर्चीवरून ओढत राहायचं, पाळणा हलवल्यासारखं. आपल्या बायाबापड्यांनी एका हातानं पाळणा ओढत दुसऱ्या हातानं तुरी निवडल्यात, पोराला रील पाहता येणार नाहीत का?

होजवर, म्हणजे भरणीच्या नळीवर, ब्रेकअवे नावाचा एक सांधा असतो. नोझल लागलेलं असताना ड्रायव्हरनं गाडी काढली तर होज फाटण्याऐवजी हा सांधा सुटतो आणि दोन्ही टोकं आपोआप मिटतात. ड्रायव्हर असं का करेल? करतो. समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाऊन येतो, क्लीनर म्हणतो "झालं वाटते", आणि गाडी निघते. सांधा एकदा सुटला की कंपनीचा माणूस येऊन तपासल्याशिवाय लावायचा नाही, तोवर धंदा बंद. आपल्याला परवडत नाही. पुढच्या वेळी सुटूच नये म्हणून गावातले हुशार लोक दोन्ही बाजूंना तार पीळून ठेवा म्हणतील. ठेवा. मग सांधा सुटणार नाही, डिस्पेन्सरच मुळासकट ट्रकच्या मागं वर्ध्याच्या दिशेनं जाईल.

सेफ्टी व्हॉल्व्हचा विषय थोडा नाजूक आहे. दोन झडपांच्या मध्ये पाइपात थोडा द्रव अडकला की तो तापतो, फुगतो आणि जाडजूड पाइपही फाडतो. म्हणून अशा प्रत्येक तुकड्यावर एक छोटा व्हॉल्व्ह, जास्तीचा दाब वर सोडणारा. तो मधूनमधून फुस्स करतो. तुमचे वडील ओट्यावर बसून म्हणतील, "अबे, पैसे उडून राह्यले ना!" लाकडाची खुंटी ठोकावीशी वाटेल. कुकरच्या शिट्टीवर वाटी ठेवणाऱ्या घराला हे सांगावं लागत नाही.

मोठी टाकी दुहेरी भिंतीची असते, मध्ये निर्वात जागा आणि पर्लाइटची पांढरी भुकटी. बाहेरची भिंत हाताला हवेसारखीच लागली पाहिजे. एखाद्या दुपारी तिच्यावर पांढरा बर्फ धरला तर समजायचं की आतला निर्वात गेला, कंपनीला फोन करा. किंवा ताकाचे तांबे टेकवून ठेवा. पाहुणे खूश होतात.

पाइप बदलायची वेळ आली तर गावच्या वेल्डिंगवाल्याला बोलवा. तो साध्या लोखंडाचा तुकडा जोडून देईल, अर्ध्या किमतीत. साधं लोखंड या थंडीत जास्वंदीसारखं होतं, म्हणून स्टेनलेस स्टील वापरतात. हे अमेरिकेनं शिकून झालंय. क्लीव्हलँडला २० ऑक्टोबर १९४४ रोजी एलएनजीची टाकी फुटली. युद्धामुळे निकेलची टंचाई, म्हणून कमी निकेलचं पोलाद, साडेतीन टक्क्यांचं. द्रव रस्त्यावरून गटारात शिरला, गटारात वायू झाला, पेटला. १३० माणसं गेली. तिथं गटारं होती म्हणून, असं आपला वेल्डिंगवाला म्हणतो, आपल्या गावात गटारच नाही. त्याचं म्हणणं ग्रामपंचायतीच्या ठरावात घ्यायला हवं.

गळती कळणार कशी? वासानं नाही. घरच्या सिलिंडरला मुद्दाम घाण वास घातलेला असतो. इथं घातला तर तो वासच गोठून बसेल. म्हणून मिथेनचे डिटेक्टर. हवेत ५ ते १५ टक्के वायू झाला की ठिणगीची वाट पाहत असतो, त्याच्या बऱ्याच आधी हे ओरडतात. पावसाळ्यात ओरडला तर पोरगा त्याला पन्नी गुंडाळेल, त्याच खर्ऱ्याच्या पन्नीतली, रबर लावून. लगेच शांतता.

वासाची चिंता नको, दिसतं ना! गळालं की पांढरं धुकं पसरतं, जमिनीला धरून, चपलेच्या अंगठ्यापर्यंत. मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून शिकलात, पण इतका थंड असताना तो जड असतो, खाली रांगत खड्ड्यात, नालीत, बसलेल्या माणसाच्या मांडीत येतो. धुकं हे हवेतलंच बाष्प, वायू धुक्याच्या पलीकडेही असू शकतो. पण आपल्याकडे नवरानवरीच्या एन्ट्रीला हजारो रुपये देऊन असाच धूर सोडतात. इथं फुकट. फोटो काढा, मागच्या बाजूनं विडी पेटवणारा माणूस फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

आणि सांडलंच तर पाणी मारू नका, असं लिहिलंय. पाण्यानं द्रव झपाट्यानं उकळतो, वायू वाढतो, आग असेल तर भडकते. आगीवर कोरडी पावडर मारायची, पाणी शेजारची टाकी थंड ठेवायला. पण बोअरला पाच एचपीची मोटार असलेला माणूस आगीसमोर पाण्याशिवाय उभा राहील का? लाइट असेल तर मारणारच. लाइट नसेल तर वाचलात, लोडशेडिंगचे उपकार माना.

उरलं उद्घाटन. मंडप डिस्पेन्सरला लागूनच घाला, नाहीतर फीत दिसत नाही. आमदार येणार, म्हणजे तीन तास उशिरा. तोवर भटजी पूजा उरकतील. नारळ फोडायला डिस्पेन्सरचा कोपरा चांगला कडक आहे. हळदकुंकू मीटरच्या काचेवर, आकडे तसेही किलोत येतात, लिटरवाल्यांना कळत नाहीत. कापूर ताटात. उदबत्त्या मात्र वाऱ्यानं पडतात, भटजी इकडे तिकडे पाहतात, खोचायला जागा मिळत नाही. तेव्हा तुमचा पोरगा धावत जाईल आणि अर्थिंगचा चिमटा घेऊन येईल. पाचही उदबत्त्या त्यात बरोबर बसतात.